अंबाडीचा दोरा आणि गार रोहू

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या शाळेच्या शिपायांचे आहेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, तेही प्राणिशास्त्र घेऊन. गावाने सत्कार केला तेव्हा आईवडिलांचे, मुख्याध्यापकांचे आणि गणिताच्या सरांचे आभार मानले गेले. ते बरोबरच होतं. पण खरं कारण काका आणि त्यांचे मासे हे होतं, आणि ते माइकवरून सांगण्यासारखं नव्हतं.

सोनाळ्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. आठवीत सहामाहीला मी गणितात नापास झालो. पेपर घरी दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून एक दिवस दुसऱ्या तासाला दप्तर उचललं आणि थेट तळ्यावर गेलो. बाभळीखाली काका गळ टाकून बसले होते. अंगात शाळेचा खाकी शर्ट. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. त्या वेळी आम्ही दोघांनीही शाळेत असायला हवं होतं.

"तू काऊन आला बे इथं?"

"तुम्ही काऊन आले, काका?"

काकांनी गळ वर ओढून घेतला. मग म्हणाले, "असं करू. मी तुह्यं सांगत नाही, तू माह्यं सांगू नको. पण घंटीच्या आधी दोघंही वापस."

हा करार आम्ही दोघांनी पाळला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला ऑफिसबाहेरच्या त्यांच्या बाकावर बसवायला सुरुवात केली. वर्गात झालेलं गणित मी त्यांना समजावून सांगायचं. ते स्वतः चौथी शिकलेले. त्यांना समजलं तर मला समजलं, अशी त्यांची परीक्षा होती, आणि ती फार कडक होती. शिवाय मधल्या सुट्टीच्या आधीचा तास गणिताचा असायचा. ज्या दिवशी तळ्यावर मासा लागे, त्या दिवशी काकांना यायला उशीर होई, घंटा उशिरा वाजे आणि गणिताचा तास लांबे. बाकीची पोरं घड्याळाकडे बघून कुढायची. मला कारण माहीत होतं, पण करार होता. त्या वर्षी तळ्याला मासा भरपूर होता आणि वार्षिक परीक्षेत मला गणितात बासष्ट मार्क पडले.

पुढे कॉलेजच्या प्रवेशाला माझी कागदपत्रं कापडी पिशवीत घालून, ती पिशवी पोटाशी धरून एस.टी.त माझ्याशेजारी तेच बसले होते.

आता मी लोणारला कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन गेलो तेव्हा काका निवृत्त झाले होते. त्यांनी विचारलं, "लोणारच्या तळ्यात मासा कोणता आहे?"

"पाणी खारं आहे, काका. मासा टिकत नाही."

"एवढं मोठं तळं अन् मासा नाही? मंग देवानं खड्डा काऊन केला बे?"

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत तळ्यावर बसलो होतो. समोर बेशरमीच्या झुडपापाशी एक बगळा एका पायावर उभा होता. बगळ्याने एका पायावर उभं राहण्यात नवल नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तास झाला तरी तो हलेना. जवळ जाऊन पाहिलं तर दुसरा पाय तंगूसने फांदीला बांधला गेला होता. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. पायात तो इतका रुतला होता की आधी दिसलाच नाही. काकांनी बगळ्याची चोच धरली, मी ब्लेडने दोरा कापला. सुटताना त्याने माझ्या मनगटावर चोच मारली आणि लंगडत उडाला.

"हे माह्यं तंगूस नोहे," काका लगेच म्हणाले. मी काही विचारलंच नव्हतं.

मग मी बोलायला लागलो. शिकलेल्या माणसाची ही खोड आहे, सुरू झालं की थांबत नाही. तंगूस कुजत नाही, कासवाच्या गळ्याला बसतं, गळाला वजन म्हणून लावलेले शिशाचे मणी बदक गिळतं आणि विषाने मरतं. काका तेव्हा शिशाचा मणी दाताने चावून दोऱ्यावर बसवत होते.

"काका, ते तोंडात घालू नका."

"पन्नास वर्सं चावून राह्यलो. दात गेले, शिसं जसंच्या तसं आहे."

"मी तेच सांगून राह्यलो!"

"मंग काय लावू? फुलाची माळ?"

मी म्हटलं, अंबाडीचा दोरा. आमच्याकडे अंबाडीच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळायचे, ते आईला येत होतं. वजनाला भाजलेल्या मातीचे मणी. तरंगायला चपलेच्या तुकड्याऐवजी ज्वारीच्या धांड्यातला, म्हणजे ताटातला, हलका भेंड. लोखंडी गळ राहू द्यायचा, तो गंजून तरी जातो. बाकी सगळं तुटून पाण्यात पडलं तर कुजेल किंवा विरघळेल.

काका इतके हसले की शेजारच्या गळकऱ्यांनी माना वळवल्या. "सुतळीनं मासा धरतो म्हणे! बी.एस्सी. आहे तो!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल, शर्यत. तुह्या सुट्टीत तुह्या सुतळीनं एक मासा काढ. एकच. काढला तर माह्या तंगूसचं बंडल अन् शिशाची डबी तुह्या हातात, आयुष्यात पुन्हा हात लावणार नाही. नाही काढला तर तू मले पुन्हा शिकवायचं नाही."

मी मान्य केलं. घरी आईने वाख भिजवला, पिंजला आणि मांडीवर कसा वळायचा ते दाखवलं. माझा पहिला दोरा पाण्यात फुगून शेवईसारखा झाला. दुसऱ्याला जवसाचं तेल पाजलं, तर तो पाण्यावर तरंगत राहिला. मातीचे मणी मी घाईत कच्चेच नेले, ते तळाशी पोचायच्या आत चिखल झाले. आईने पुढचे चुलीत भाजून दिले, पण देताना म्हणाली, "बाप्पा, हेच करासाठी बी.एस्सी. केली का रे?"

सुट्टी संपत आली. काका रोज दोन-तीन मासे नेत होते आणि जाताना माझ्या रिकाम्या बादलीत डोकावून म्हणत, "पाणी चांगलं आहे." उरला एक दिवस. त्या सकाळी मी जे केलं ते सांगायला आजही मान खाली जाते, पण हसूही आवरत नाही.

मी रिक्षाने संग्रामपूरच्या बाजारात गेलो आणि एक रोहू घेतला. ताजा राहावा म्हणून विकणाऱ्याकडून बर्फही जास्त मागून घेतला. त्याने कल्ल्यातून प्लॅस्टिकची निळी दोरी ओवून मासा माझ्या हातात दिला. बर्फासकट ओल्या पोत्यात गुंडाळून मी तो बेशरमीच्या झुडपात लपवला. झाडाचं नाव त्या दिवशी फार लागलं.

आता काका उठण्याची वाट होती. ते रोज ठरावीक वेळी उठायचे. शाळेत आता विजेची आपोआप वाजणारी घंटी बसली होती, ती दिवाळीच्या सुट्टीतही वाजे, आणि ती वेळेवर वाजते की नाही हे ऐकायला निवृत्त झाल्यावरही ते तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढून उभे राहत. "घंटी आहे का ते? कुकरची शिट्टी आहे," असं म्हणत खाली येत. त्या दिवशीही ते चढले. मी झुडपात शिरलो, निळी दोरी ब्लेडने कापली, मासा गळाला अडकवला आणि पाण्यात सोडून ओरडलो, "काका! लागला!"

काका धावत आले. त्यांनी मासा हातात घेतला आणि थांबले. दुपारचं ऊन होतं, तळ्याचं पाणी काठाला कोमट झालं होतं.

"गार आहे रे लई."

"तळाचा आहे, काका. खोल पाण्यातला."

"हालत नाही काऊन?"

"दमला. लई झुंज दिली त्यानं."

"मी तर दोनच मिनिटं वर होतो."

"दोनच मिनिटं दिली, पण जोरात दिली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आठवीत बाभळीखाली पाहिलं होतं, तसंच. मग खिशातून शिशाची डबी काढली, पिशवीतून तंगूसचं बंडल काढलं आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. मासा मी त्यांनाच दिला. काकूंनी तो शिजवून अर्धा आमच्या घरी पाठवला. मी फार आनंदाने खाल्ला. संध्याकाळच्या गाडीत मी स्वतःला सांगत होतो की बगळ्यांसाठी एवढं खोटं चालतं.

होळीला परत गेलो. काका तळ्यावर अंबाडीचाच दोरा टाकून बसले होते. माझा दोपदरी होता, त्यांनी तीनपदरी वळला होता, आणि तेलाऐवजी बाभळीच्या सालीच्या पाण्यात शिजवला होता. त्यामुळे तो फुगत नव्हता आणि बुडतही होता.

"मासा लागतो का, काका?"

"चार दिवसांत एक." मग दोरा ताणून पाहत म्हणाले, "मागच्या हप्त्यात मोठी मरळ लागली होती. हाताएवढी. तुटला दोरा."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "सुतळीवाले काका, बाजारातून आणा मासा! स्वस्त आहे!"

सगळे हसले. काका हसले नाहीत, आणि माझे कान तापले. अशा मरळीची वाट ते माझ्या शाळेच्या दिवसांपासून पाहत होते. तंगूस असतं तर ती काठावर आली असती.

मला म्हणाले, "डब्यातून मणी दे." मी त्यांचा पत्र्याचा डबा उघडला. आत भाजलेल्या मातीचे मणी होते, माझ्यापेक्षा गोल. दोन गळ होते. आणि चार बोटं लांबीची निळी प्लॅस्टिकची दोरी, बाजारातल्या गाठीसकट. तिचं एक टोक ब्लेडने कापलेलं होतं. मी बाहेरचा भाग कापला होता, कल्ल्यातला आतच राहिला होता. काकूंच्या विळीखाली निघाला असणार.

"काय पाहून राह्यला बे?"

"काही नाही."

"मंग मणी दे अन् डबा बंद कर."

तेवढंच. मी मणी दिला. त्यांनी तो दोऱ्यात ओवला आणि गळ पाण्यात टाकला.

लोणारला परतल्यावर दोन दिवस मी फोन उचलायचो आणि ठेवायचो. काकांशी फोनवर धड बोलता येत नाही. ते स्वतःचं सांगून झालं की ठेवून देतात. शेवटी पत्र लिहिलं. त्यांना वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं आणि वाक्यं लहान ठेवली. पत्र, बंडल आणि शिशाची डबी एकाच पार्सलमध्ये घातली. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे. ती अशी:

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार.

तो मासा मी धरला नव्हता. संग्रामपूरच्या बाजारातून आणला होता. बेशरमीच्या झुडपात ठेवला होता. तुम्ही घंटी ऐकायला वर गेले तेव्हा गळाला लावला. गार होता कारण बर्फात होता. तळ खोल आहे असं मी म्हणालो ते खोटं. आपलं तळं कमरेएवढं आहे, हे तुम्ही मला आठवीतच दाखवलं होतं.

तुम्हाला हे माहीत आहे. निळी दोरी मी पाहिली. तुम्ही आपला जुना करार पाळला, माझं कुणाला सांगितलं नाही. पण त्या करारात दुसरी अटही होती. घंटीच्या आधी दोघांनी वापस यायचं. मला यायला उशीर झाला.

शर्यत मी हरलो. म्हणून तुमचं तंगूस आणि शिसं परत पाठवतो आहे. हे तुमचं आहे. तुमची मरळ माझ्या खोट्यापायी गेली, ती मला परत देता येत नाही. शर्यतीप्रमाणे मी तुम्हाला पुन्हा शिकवणार नाही.

शिकवणार नाही, पण शिकायला येईन. तुमचा तीनपदरी दोरा माझ्यापेक्षा चांगला आहे. साल किती वेळ शिजवायची ते मला सांगा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी येतो. या वेळी पिशवी तपासून मगच मला काठावर बसू द्या.

मराठीच्या बाई सांगायच्या, तो गळ माशाला आणि ती गळ माणसाला. मागच्या वेळी मी तुम्हाला तो गळ टाकला. आता ती गळ घालतो. बंडल उघडायचं की नाही हे तुम्हीच ठरवा, पण उघडण्याआधी एकदा त्या बगळ्याकडे पाहा. तो लंगडतो, लांबूनही ओळखू येतो.

काकूंना नमस्कार. मासा छान झाला होता हे खरं आहे.

तुमचा,
आठवीतला पळपुट्या

ता. क. निळी दोरी पाण्यात टाकू नका. कुजत नाही.