टाके उसवणारी इशबेल

“सतराचा पांढरा सदरा काढ. नावाची पट्टी उसव.”

“सतरा कुणाचा, ठाव हाय न्हवं तुमास्नी?”

“मीच दिलाय तो आकडा. मला ठाऊक नसेल?”

“न्हाई, आपलं इचारलं. मानूस चुकतो एखांद्या टायमाला.”

“चुकलो नाही, इशबेल. हॅव्रिलुक काढ, लिंडक्विस्ट लाव. स्वीडनचा आहे, रविवारी सकाळी येतोय. काळा सदरा शनिवारचा घरचा सामना झाल्यावर कर.”

“म्हंजे शनवारी ह्योच खेळनार?”

“दोघं आधीच दुखापतीनं बसलेत. तिसरा कुठून आणू?” प्रशिक्षक कोल्टर धुण्याच्या यंत्रावर टेकला. “तुझ्या पोरीचं मला माहीत आहे. म्हणून तुझ्या तोंडावर सांगतोय. शनिवारच्या आधी हे त्याच्या कानावर गेलं, तर कुणाच्या तोंडून गेलं ते शोधायला मला लांब जावं लागणार नाही.”

इशबेलनं सदरा मांडीवर ओढला. “आन शनवारी त्येचं काय मोडलं-बिडलं तर?”

कोल्टर हसला. “मग एप्रिलपर्यंत मलाच पोसावा लागेल. खेळताना मोडलेला माणूस काढता येत नाही. तेव्हा देवाजवळ माग, धडधाकट राहू दे म्हणून.”

तो गेला. इशबेलनं टाके उसवायची आकडी घेतली आणि पहिला टाका तोडला.

पिटलॉर हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. खाण मेली, गालिच्यांचा कारखाना मेला. मासळी आणि बर्फावरची हॉकी तेवढी जिवंत राहिली. संघाचं नाव रेव्हन्स. छातीवर डोमकावळा, पाठीवर नाव. इशबेल गुर्ले तरुणपणी त्या कारखान्यात गालिच्यांच्या कडा शिवायची. कारखाना बसला तसं शिलाईचं मशीन हातगाडीवर घालून ती हॉकीच्या रिंकवर आली आणि जिन्याखालच्या खोलीत ठाण मांडून बसली. मोजे रफू करायची, फाटक्या विजारी सांधायची आणि नावं लावायची. लावायची त्यापेक्षा उसवायचीच जास्त. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. नवा एक आत घ्यायचा तर जुना एक बाहेर, आणि सदरे भारी किमतीचे म्हणून तेच पुन्हा वापरायचे. उसवलेल्या नावांच्या भोकांनी काही सदऱ्यांच्या पाठी देवी आल्यासारख्या झाल्या होत्या.

गावात कुणाची नोकरी गेली, कुणाची बायको पळाली, तरी लोक म्हणत, “इशबेलनं टाकं उसवलं त्येचं.” खेळाडू जिन्याखालून जाताना तिच्या मांडीकडं बघत नसत. एकदा तिनं सहज आकडी हातात धरून “काय रे, जेवलास का?” विचारलं, तर दुहेरी हाडाचा फिनलंडवाला रडायलाच लागला. ती त्यावर आठवडाभर हसली.

करार तुटला की संघानं दिलेलं घर जायचं, गाडी जायची, देशात राहायचा परवानाही जायचा. पोरगं आठवड्यात विमानात. जाताना म्हणायचं, उन्हाळ्यात येतो. पिटलॉरच्या शाळेत हजेरी घेतली तर चार-पाच आडनावं अशी निघतात, की ती गावातल्या एकाही थडग्यावर सापडायची नाहीत.

इशबेलची पोरगी मॉर्वेन पाच महिन्यांची पोटुशी होती. पोटातल्याचा बाप हाच सतरा आकड्याचा ट्रॉय हॅव्रिलुक. कॅनडाच्या गव्हाच्या रानातला, खांद्यानं रुंद, डोक्यानं साधा. बाळंतपण एप्रिलात, सीझन संपायचाही एप्रिलात. मधे लग्न लावून घ्यायचं, म्हणजे पाखरू उडायचं नाही, असा इशबेलचा हिशेब होता. तोवर ट्रॉय गावात टिकायला हवा होता.

त्याला सांगावं, तर तो सरळ कोल्टरच्या अंगावर गेला असता आणि शुक्रवारीच विमानात बसला असता. खोटं लंगडणं त्याला जमलं नसतं. शिंक आली तरी त्याचा चेहरा आधी सांगायचा. दोन दिवस इशबेलनं डोकं चालवलं. मग शनिवारी दुपारी अबरकार्नच्या संघाची बस आली तेव्हा ती मटण भरलेली गरम पाई घेऊन मागच्या दाराला उभी राहिली.

रॅब मक्लिंटॉक बसमधून उतरला. याच गावचा. सात वर्षं रेव्हन्ससाठी मारामाऱ्या केल्या, पुढचे चार दात इथल्याच बर्फावर सांडले, आणि छत्तीशी जवळ येताच त्याचंही नाव इशबेलनंच उसवलं. आता तो अबरकार्नसाठी तेच काम करायचा.

“मावशे, मला पाई? इख घातलंयस का काय?”

“खा. मग सांगते.”

त्यानं एका घासात अर्धी पाई संपवली.

“सतराचा घोटा मोडशील का?”

रॅब चावायचा थांबला. “तुजा जावई न्हवं त्यो?”

“व्हनार हाय. त्येला सोमवारच्या आत काढत्यात. मोडला तर ऱ्हाईल.”

“च्यायला.” त्यानं अंगठ्यानं ओठ पुसले. “ह्या धंद्यात लई बघितलं, पन सासू सुपारी देती ह्ये पयलंच.”

“गुडगा नगं. घोटाच. गुडगा कायमचा जातो.”

“डावा का उजवा? का तेबी मापानं शिवून द्येऊ?”

“रॅब.”

“बरं बरं. पन माज्यावर काय राग धरू नगस. माजं नाव उसवलंस तवा असलं काय सुचलं न्हवतं तुला.”

“तवा तू माज्या पोरीला हात लावला न्हवतास.”

रॅब मोकळ्या हिरड्या दाखवून हसला आणि आत गेला.

सामना चालू असताना इशबेल खेळाडूंच्या बाकामागं सुईदोरा घेऊन उभी राहायची. दुसऱ्या डावात खेळाची रबरी चकती कोपऱ्यात गेली, ट्रॉय तिच्यामागं गेला, आणि रॅबनं दोन्ही हातांनी काठी उचलून त्याच्या स्केटच्या वर, घोट्यावर हाणली. आवाज तिच्यापर्यंत आला. लाकूड फुटल्याचा नव्हे, ओल्या फांदीचा. लोक शिव्या देत उठले. पंचानं रॅबला शिक्षेच्या पेटीत पाठवलं. जाताना त्यानं इशबेलकडं बघून मान हलवली. काम झालं, अशी.

आणि ट्रॉय उठला. एका पायावर घसरत बाकापाशी आला, बसला, तोंड खाली घातलं. पुढच्या पाळीला पुन्हा बर्फावर गेला.

डाव संपल्यावर कपड्याच्या खोलीत इशबेल त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली. हात विजारीच्या शिवणीला, डोळे घोट्याला. कातडी बुटाच्या वर मांस पावासारखं फुगून आलं होतं.

“काढ स्केट.”

“काढलं तर परत चढणार नाही. नाडी आवळ, मावशी. अजून.”

“दुखतंय म्हन की. डाक्टरला सांग. मोडलाय त्यो.”

“हळू बोल.” त्याच्या कपाळावरून घाम टपकत होता. “तीन सामने मी काहीच केलेलं नाही. कोल्टर बघतोय. आज बसलो तर मला काढेल.”

इशबेलच्या हातातली नाडी तशीच राहिली. सांगावं, तर आत्ता. तिनं तोंड उघडलंही. पण दारात कोल्टर उभा होता, हाताची घडी घालून.

“ट्रॉय, पाय कसा आहे?”

“मस्त आहे.”

“नक्की?”

“डास चावला.”

सगळी खोली हसली. बर्फावरचा माणूस दुखतंय म्हणत नाही. म्हणाला की पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारत नाही. पोरं हे मिसरूड फुटायच्या आधीच शिकतात. ट्रॉयनं पाय पुढं केला. इशबेलनं नाडी आवळली. जमेल तेवढी आवळली.

तिसऱ्या डावात त्यानं गोल केला आणि संघ जिंकला. अख्खी रिंक त्याच्या नावानं ओरडत होती. मॉर्वेन कठड्याला पोट टेकवून शीळ घालत होती.

मग कोल्टरनं त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. बाहेर आला तेव्हा ट्रॉयनं हातानं भिंत धरली होती.

“माझा घोटा मोडलाय,” तो दाराकडं बघून म्हणाला. “तपासा. मोडलाय.”

“आता मोडला?” कोल्टर आतूनच बोलला. “वीस जणांसमोर मस्त आहे म्हणालास. नंतर गोल मारलास. जिन्यावर घसरला असशील.”

“मावशीला विचारा. तिनं बघितलाय.”

“विचारतो की. इशबेल, तू शिवतेस की हाडं तपासतेस?”

बाकीचे खेळाडू बुटांच्या नाड्या सोडत होते. एकानंही मान वर केली नाही. कालवरचे दोस्त; पण जो गेला त्याची जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेकडं फार बघितलं की आपली आठवण होते.

तेवढ्यात रॅब ओल्या केसांनी बोळातून आला. “मावशे, घाव बरुबर बसला व्हता की. ह्यो उठला कसा?”

मॉर्वेन तिथंच उभी होती. ट्रॉयला नेण्यासाठी बाहेरून चाकांची खुर्ची शोधून आणली होती तिनं.

“कुणाला इचारतोय ह्यो, आये?”

रॅबनं दोघींकडं बघितलं, पिशवी उचलली आणि सटकला.

“तू त्येचा पाय मोडाय सांगितलास?”

“त्यो ऱ्हावा म्हनून. काढनार व्हते त्येला. मला बेस्तरवारीच कळलं.”

“बेस्तरवारी.” मॉर्वेननं खुर्चीची मूठ घट्ट धरली. “शुक्रवारी आमच्या घरी जेवाय आलीस. त्येनं तुला मासा वाडला. मला सांगाय तोंड न्हवतं तुला?”

“व्हतं.”

“मंग?”

“वाटलं, आसं जमंल.”

मॉर्वेन हसली. “नशीब माजं, मान मोडाय न्हाई सांगितलीस. मान मोडली तर आनिक बरी. त्यो कुटंच गेला नसता.”

ट्रॉयला खुर्चीत बसवताना तिनं आईला हात लावू दिला नाही. ट्रॉय इशबेलकडं बघत राहिला. त्याला अजून नीट समजलं नव्हतं. मॉर्वेन वाटेत समजावून सांगणार होती. बुधवारचं विमान होतं. सुजलेला पाय पसरायला पुढची जागा मिळेल का, ते विचारून बघतो, असं कोल्टर दयाळूपणे म्हणाला.

“उन्हाळ्यात येतो,” एवढं ट्रॉय जाताना म्हणाला. मॉर्वेननं खुर्ची ढकलली.

रविवारी सकाळी लिंडक्विस्ट आला. गोरापान, दातांनी पुरा. पांढरा सदरा मशीनखाली होता; दुपारी बाहेरगावच्या सामन्याची बस सुटायच्या आत नाव लागायला हवं होतं.

“तुम्हीच शिवता का सगळं?” त्यानं आदबीनं विचारलं.

“मीच.”

“माझ्या नावात दोन अक्षरं नेहमी चुकतात. बघाल जरा?”

“पाठ कर हिकडं.” तिनं पट्टी त्याच्या खांद्यावर धरून माप घेतलं. “जरा ताठ. कुबडं काडू नगस.”

तो ताठ झाला. “किती वर्षं आहात इथं?”

“लई.”

“मग माणसं नीट ओळखत असाल.”

इशबेलनं टाचण्या तोंडात धरल्या. पोरगा गेल्यावर तिनं मशीनचं चाक फिरवलं. पहिल्याच टाक्याला दोरा तुटला. जीभ लावून तिनं तो सुईत पुन्हा ओवला. टोपलीत कालचे ओले मोजे पडले होते, त्यांचा वास सुटायला लागला होता. तिनं पायानं टोपली जरा लांब सारली आणि शिवायला लागली.