आबांची जीभ

माझे सासरे, आबा, कातडी कमावायचे. मागच्या दारातून दहा पावलं टाकली की कालवा, आणि त्याच्या काठाने ओळीने एकवीस हौद. दोनशे वर्षांपूर्वी कालवा खणला तो शेतीसाठी, असं म्हणतात. पण आसपासच्या चार गावांच्या चुली पेटत्या ठेवल्या त्या कातड्याच्या धंद्याने. कच्ची कातडी आणि झाडांच्या सालीची पोती पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून यायची, तयार चामडं त्याच पडावातून जायचं. मधलं सगळं कालव्याच्या पाण्यावर. विहिरीच्या पाण्यात लोह; ते सालीच्या पाण्यात मिसळलं की कातड्यावर शाई सांडल्यासारखे डाग.

साल भिजवलेलं पाणी कितपत कडक झालंय, हे आबा जिभेवर ठरवत. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि सांगायचं, "अजून दहा बादल्या पाणी." नवं कातडं आधी फिक्या पाण्यातच घालावं लागतं. कडक पाण्यात पडलं की वरून आवळून बसतं, आत काही मुरत नाही, आणि पुढे वाळक्या पानासारखं तडकतं. पडाववाला म्हणायचा, "आबा, जिभेचा विमा उतरवा."

एका वर्षी आबांना मोठा ताप आला. बरे झाले, कामाला लागले. एके दिवशी मी भाजीत मीठ विसरले. मुलांनी तोंडं वाकडी केली. आबा मुकाट्याने जेवले, वर "छान झालीय" म्हणाले. अकरा वर्षांत माझ्या भाजीला त्यांनी कधी छान म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गाळ काढण्यासाठी कालवा महिनाभर कोरडा होणार होता. म्हणजे पहिले आठ हौद त्याआधी जमवायचे आणि साठ कातडी आत घालायची. अंदाज चुकला तर नंतर पातळ करायला पाणीच नाही. त्या दिवशी दुपारी कामाची माणसं कातडी घेऊन उभी होती. आबांनी बोट बुडवलं, चाखलं, थुंकले. मग पुन्हा बुडवलं. त्यांना दुसऱ्यांदा चाखताना कुणी पाहिलं नव्हतं.

सासूबाई मागच्या दारात होत्या. या हौदांच्या वासाला चाळीस वर्षं नावं ठेवणारी बाई खाली उतरली, वाकली आणि बोट बुडवून चाखलं.

"अहो, तोंडाचं लाकूड झालं माझ्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?" आबा हळूच म्हणाले.

"लग्न झालं त्या वर्षी चेष्टा म्हणून रोज चाखायला लावायचात ना? फिकं पाणी जिभेच्या टोकाला ओढतं, तिथेच थांबतं. हे गालापर्यंत आलं."

आबा पाण्याकडे पाहत राहिले. त्यांनी नुसतं "दहा बादल्या" म्हटलं असतं, तरी कुणाला काही कळलं नसतं.

"तापापासून मला चव कळत नाही," ते माणसांना म्हणाले. "ही सांगेल तेवढं पाणी घाला."

बादल्या कालव्यात बुडू लागल्या. सासूबाई दर पाच बादल्यांनी चाखत होत्या आणि दर वेळी "शी" म्हणत होत्या. चाळिसाव्या बादलीला म्हणाल्या, "घाला आता." ती साठही कातडी पुढे मऊ आणि एकसारखी बदामी निघाली, पण ते सहा महिन्यांनी. त्या दुपारी आबा पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या शेजारी उभे होते.

"चूळ भर. पुढचा हौद आहे."

"अजून किती?"

"सात."

सासूबाईंनी डोळे वटारले, चूळ भरली, आणि पुढच्या हौदाकडे निघाल्या.