उद्घाटनाआधी उघडलेलं खोकं

माझ्यासारख्याने लिहायला बसावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मांद्र्याच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि अजून नर्सिंगचा विद्यार्थी. काही चुकलं तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावं.

गोव्यातल्याच डिचोली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात माझी पोस्टिंग होती. ओपीडी संपत आली होती. जवळच्या सर्वण गावाहून एक बाई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन धावतच आत आली. मागून तिचा नवरा, खनिजाच्या ट्रकवरचा ड्रायव्हर. मुलीचे हातपाय ताठ, डोळे वर फिरलेले.

"दातखीळ बसली हा," बाई म्हणाली. "कांदो हुंगवलो, काय उपेग झालो नाय."

तापातली फिट होती. डॉक्टर मॅडमनी औषध दिलं, फिट थांबली. पण मग मुलीचा श्वासच मंदावत गेला. ओठ निळे पडले.

अशा वेळी ॲम्बू बॅग वापरतात. नाकातोंडावर मास्क घट्ट धरायचा आणि त्याला जोडलेला रबरी फुगा दाबून हवा आत ढकलायची. मास्क चेहऱ्यावर नीट बसला तरच हवा आत जाते. आमच्या ट्रेमधला मास्क मोठ्या माणसाचा. तिच्या डोळ्यांपासून हनुवटीच्या खालपर्यंत आला. हवा बाजूने सुटू लागली.

"छोटा मास्क आण," मॅडम म्हणाल्या.

छोटे मास्क होते. लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांसाठी सरकारने नवीन सामान पाठवलं होतं. मास्क, छोटी बॅग, मुलाची लांबी मोजून औषधाचा अंदाज देणारी पट्टी. सगळं मीटिंग रूममध्ये टेबलावर, एका खोक्यात, लाल फितीत बांधलेलं, वर हळदकुंकू. आमदारांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं आणि तारीख पुढे पुढे जात होती.

मी धावलो. दारातच इनचार्ज सुनंदा सिस्टर भेटल्या.

"ते नको रे. आमदार येईपर्यंत हात लावायचा नाही. वरून सांगितलंय."

"सिस्टर, पोर निळी पडलीय."

त्यांनी खोक्याकडे पाहिलं. मग खिशातून कात्री काढून माझ्या हातात दिली.

"काप. कोणी विचारलं तर सांग, सिस्टरला दिसत नाही, तिला ती फीत बँडेज वाटली."

मी फीत कापली आणि छोटे मास्क घेऊन आलो. त्यातला एक बरोबर बसला. मॅडमनी फुगा दाबला. मुलीची छाती वर आली.

तिला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये मॅडमबरोबर मी होतो. बाप पुढे बसला होता. वाटेत ट्रकांची रांग लागली.

"हॉर्नावरचो हात काढू नको," तो आमच्या ड्रायव्हरला म्हणाला. "मी ट्रकवालोच. आमका त्येच्याशिवाय ऐकाक येना नाय."

मोठ्या हॉस्पिटलचं गेट दिसलं तेव्हा ती बारीकशी कण्हली. तिथल्या लोकांनी तिला आत नेलं आणि दार बंद झालं. श्वास कमी पडला तेवढ्या वेळात मेंदूला काही झालं असेल का, हे आम्हाला कोणी सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी उरलेलं सामान इमर्जन्सी रूममध्ये मांडून घेतलं. 'वरून' म्हणजे कोणी सांगितलं होतं, हे मी भीतभीतच विचारलं. सिस्टर म्हणाल्या, क्लार्कने. क्लार्क म्हणाला, मला तर सिस्टरांनीच सांगितलं. सरकारने सामान पाठवलं, ते पोचलंही. पण टेबलापासून पेशंटपर्यंतचं अंतर आमचं आम्हालाच तोडायचं होतं. एवढंच मी शिकलो.

मुलीची खबर मात्र मिळेना. ट्रकचं काम बंद पडलं आणि कुटुंब सर्वणची खोली सोडून सिंधुदुर्गात आपल्या गावी गेलं, इतकंच कळलं. पुढे माझी पोस्टिंग बदलली. तिच्याएवढं मूल वॉर्डात आलं की मला तिची आठवण यायची.

परवा आमच्या त्या ॲम्ब्युलन्स ड्रायव्हरचा फोन आला. तिकडे सिंधुदुर्गात, दोडामार्गला, त्याला तिचा बाप भेटला होता. पोरगी आता बालवाडीत जाते. दिवसभर बडबडते. दुसऱ्या पोरांना चावते म्हणून बालवाडीच्या बाईंनी तिच्या आईला दोनदा बोलावून घेतलं.