अल्लीपूरची टीम आणि विज्याची फायनल

गावच्या क्रिकेट टीमचे किस्से कोणी जमवत नाही. ते आपोआप साचतात, नालीत पाणी साचावं तसे. आमच्या अल्लीपूरच्या टीमचे किस्से बसस्टँडच्या टपरीवर निघाले की लोक पोट धरून हसतात. मला हसू येत नाही. मी त्या टीमचा विकेटकीपर होतो. शाळा अर्धवट सोडून चक्कीवर बसलो तेव्हापासून बोलायची सवयच गेली, त्यामुळे मैदानात कधी कोणाला काही म्हटलं नाही. सगळं आत राहिलं. आता सांगतो.

सीझन दोन हजार सालाच्या आसपासचा. कॅप्टन पप्पूसेठ. वडिलांचं कापडाचं दुकान, किट त्याने आणलेली, म्हणून कॅप्टन तो, ओपनर तो, आणि टॉस हरला तरी शिव्या आम्हाला! आमचा खरा बॉलर म्हणजे विज्या, माझा दोस्त. डावखुरा. त्याचा बॉल पकडून माझे तळहात सुजायचे. उन्हाळ्यात तो पुण्याला मामाकडे जाणार होता, कंपनीत लागायला. जायच्या आधी त्याला एकच गोष्ट हवी होती.

"एक फायनल खेळू दे बे फक्त. मंग जिंदगीभर मशीन चालवतो."

*

आम्ही कॉर्कच्या बॉलने खेळायचो. नडगीवर बसला की दिवसा चांदण्या! पॅडची जोडी एकच होती. म्हणून गावोगावी रीत अशी, की दोन्ही बॅट्समननी एकेक पॅड पुढच्या पायाला बांधायचा.

पप्पूसेठ दोन्ही बांधायचा.

पहिल्याच मॅचला विज्या उघड्या पायांनी खेळायला गेला. बॉल नडगीवर बसला, विज्या आडवा. आम्ही पळत गेलो. पप्पूसेठ पलीकडच्या टोकावरून ओरडतोय, "उठ बे! पायाले लागून बॉल दूर गेलता! एक रन बुडवला ना!"

विज्या दात आवळून म्हणाला, "सेठ, एक पॅड तरी द्या."

"अन् मले लागलं तं? दुकानात कोन बसन?"

दुकानात तो फक्त डबा खायला बसायचा!

*

नालवाडीला मॅच होती. मैदानाच्या कडेला विहीर, आणि बॉल विहिरीत गेला तर काय, हे आधी कोणी विचारलंच नाही. कॅप्टनने विचारायचं असतं. आमचा कॅप्टन तेव्हा आरशात टोपी बघत होता.

बॉल बरोबर विहिरीत! आम्ही थांबलो. त्यांचे बॅट्समन थांबेनात. पळतच राहिले. पप्पूसेठ अंपायरवर धावून गेला, "बॉल हरवला ना! बस करा!"

अंपायर शांतपणे विहिरीपाशी आला, आत वाकून बघितलं. "हरवला काऊन? तो पाहा ना, तरंगून राह्यला."

कॉर्कच तो, बुडणार कसा!

शेवटी विज्या पायऱ्यांना धरून खाली उतरला. बॅट्समनना धाप लागली होती, तरी चालत चालत रन काढत होते. विज्याने कमरेइतक्या पाण्यात बॉल हातात घेतला, आणि वरून कॅप्टनचा आवाज आला,

"बघत काय बे? थ्रो मार!"

ती मॅच आम्ही जिंकलो. कशी? विज्याने ओल्या पँटने बॉलिंग टाकली म्हणून. पेपरात बातमी आली असती तर फोटो पप्पूसेठचाच असता.

*

मग जामची टुर्नामेंट. हायवेवरचं गाव, मोठा मंडप, माइकवर कॉमेंट्री. पप्पूसेठ म्हणाला, "गाडीचं टेन्शन नाई, आपला मेटॅडोर आहे." आम्ही खुश. मेटॅडोरमध्ये चढलो तर कापडाचे गठ्ठे. आम्ही गठ्ठ्यांवर बसून जामला पोचलो. मैदान डाव्या हाताला राहिलं आणि गाडी थांबली बाजारातल्या एका दुकानासमोर.

"चला, पटपट उतरवा. मॅचले उशीर होऊन राह्यला."

आम्ही टीमचे टी-शर्ट घालून गठ्ठे उतरवले. दुकानदाराने विचारलं, "सेठ, हे हमाल कुठले आणले?" पप्पूसेठने सांगितलं का, की ही माझी टीम आहे? हसला नुसता.

मैदानात आल्यावर आम्हाला म्हणतो, "वॉर्मअप झाला ना मस्त!"

*

सेमीफायनलचं ऐका. बॅटिंग करणाऱ्या टीमने आपलाच अंपायर उभा करायचा, अशी तिथली पद्धत. आमच्याकडून रमेशभाऊ उभे राहायचे. शेतकरी माणूस, वयाने मोठा, कोणाच्या अध्यात नाही. बॉल सरळ पप्पूसेठच्या पायावर, अपील झाली, आणि रमेशभाऊंनी बोट वर केलं.

पप्पूसेठ हलेना. "रमेशभाऊ, तुमी आपले ना?"

"आपलाच आहो."

"मंग?"

"मंग काय? आपला मानूस आउट झाला."

त्या दिवशी विज्याने समोरची अर्धी टीम एकट्याने काढली आणि आम्ही फायनलला गेलो. सगळे नाचले. येताना मेटॅडोर रिकामा होता, तरी पप्पूसेठने रमेशभाऊंना चढू दिलं नाही. "जागा नाई." माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस रस्त्यावर एसटीची वाट बघत उभा राहिला. विज्या उडी मारून खाली उतरला आणि त्यांच्याजवळ थांबला. पप्पूसेठने ते बघितलं.

*

फायनलच्या सकाळी मेटॅडोरमध्ये तीन अनोळखी पोरं बसलेली. पांढरे बूट, काळे गॉगल. नागपूरहून आणलेले पाहुणे खेळाडू! टुर्नामेंटमध्ये बाहेरचे चालायचे, पण आम्ही सीझनभर गावच्याच पोरांवर खेळलो होतो. पप्पूसेठने आमच्यातल्या तिघांची नावं कापली. मला ठेवलं, कारण कॉर्कसमोर कीपिंग करायला पाहुणे तयार नव्हते. कापलेल्यांत पहिलं नाव विज्याचं.

"तू पानी देजो," पप्पूसेठ म्हणाला. "फायनल म्हंजे काई मजाक नाई."

मी मान खाली घालून मेटॅडोरमध्ये चढलो. जामला पोचल्यावर विज्या पाण्याची कॅन घेऊन बाउंड्रीपाशी जाऊन बसला. त्याचं पुण्याचं तिकीट निघालेलं होतं.

समोर जामचीच टीम. त्यांचा कॅप्टन बंडूभाऊ, हायवेवर पानठेला चालवणारा. त्यांचा एक खेळाडू ट्रक ड्रायव्हर होता, तो हैदराबादहून परतलाच नव्हता. दहाच जण. बंडूभाऊ विज्याजवळ आला. "तू तं सेमीफायनलवाला ना बे? असा काऊन बसला?"

विज्याने कॅन दाखवली.

"खेळतं का आमच्याकडून?"

पप्पूसेठ पळत आला. "असं कसं चालन? हा आमच्या गावचा आहे!"

"बाहेरचे चालतात ना सेठ?" बंडूभाऊने नागपूरच्या गॉगलांकडे पाहिलं. "मंग अल्लीपूर जामच्या बाहेरच आहे."

मंडपातले लोक टाळ्या वाजवायला लागले. कमिटीवाल्यांनी हो म्हटलं. विज्या उठला, कॅन पप्पूसेठच्या पायाशी ठेवली आणि गेला.

आमची बॅटिंग दुसरी. पप्पूसेठ स्टान्स घेताना हळूच म्हणाला, "विज्या, सांभाळून टाकजो बे, आपलाच आहेस."

पुढच्या बॉलला त्याचा मधला स्टंप कीपरच्या मागे जाऊन पडला! गॉगलवाले तिघंही असेच गेले. बाकी जमेल तसं आम्ही खेचलं. शेवटचा बॉल, दोन रन हवे, शेवटची विकेट. स्ट्राइकवर मी. बॉल विज्याच्या हातात.

बाउंड्रीवरून पप्पूसेठ किंचाळला, "विज्या! उद्या गावातच यायचं आहे तुले!"

विज्या धावता धावता थांबला. माझ्याकडे पाहिलं. "तयार आहेस?"

"टाक," मी म्हणालो. इतक्या मोठ्याने, की मंडपापर्यंत ऐकू गेलं.

मी जीव तोडून खेळलो. खोटं सांगत नाही. असा बॉल त्याने मला कधीच टाकला नव्हता. बॅट फिरली आणि मागे दांड्या उडाल्याचा आवाज आला.

जामच्या पोरांनी विज्याला खांद्यावर घेतलं. डफडं सुरू झालं. पप्पूसेठ तरातरा मैदानात आला. मला त्या घोळक्याकडे निघालेला पाहून त्याने माझा दंड धरला.

"ओ! आपली टीम इकडं आहे!"

मी बॅट त्याच्या हातात दिली आणि नाचायला गेलो.