नळीला लावलेला गुलाल

पहिल्या खेपेला हिचा रक्तदाब अचानक चढला आणि सातव्या महिन्यात बाळ गेलं. म्हणून या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाला पोसणाऱ्या वारेतून आईच्या रक्तात काही द्रव्यं उतरतात. त्यांचं प्रमाण बिघडलं, तर पुढचा धोका आधी कळू शकतो. रक्त तपासून घेऊ." मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं, पुढचं सांगणं हे आमच्या म्हसवडच्या सिद्धनाथाचं खातं; त्यात ही काचेची नळी कुठून आली? नाथावर भरवसा होता म्हणावं, तर झोप उडालेली. नळीवर होता म्हणावं, तर तोही नव्हता. शेवटी दोघांनाही धरून राहावं म्हणून म्हसवडला जाऊन गुलालाची पुडी आणली.

विश्रामबागेतल्या लॅबमध्ये रक्त घेताना माझ्या तोंडाचा पट्टा चालूच होता. लॅबवाल्या ताईंची पाठ वळताच मी नळीला गुलाल लावला. भक्ती जरा जास्तच झाली. नावाची पट्टी पार लाल, मशीन ती वाचेना.

"हे कुणी केलं?" ताई ओरडल्या.

"दुसरं कोण करणार?" ही माझ्याकडं न बघताच म्हणाली.

रक्त पुन्हा घ्यायचं ठरलं आणि मला बाहेर काढलं. मी दार ढकलून सारखा आत डोकावत होतो. बाकावर एक अनोळखी म्हातारी बसली होती. माझी लाल बोटं बघून म्हणाली, "नाथाचा दिसतोय गुलाल. आरं मग गप बस की बाबा! देवाला बी जरा काम करू दे."

मी बसलो.

आत काय झालं ते नंतर कळलं. मी नाही हे बघून ही ताईंना म्हणाली, "दोन दिवस डोळ्यांपुढं काजवे चमकत्यात. ह्यांच्यादेखत बोलले न्हाई, हेच आधी आडवे व्हतील." ताईंनी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. रक्तदाब मोजला, तर चढलेलाच निघाला. हिला लगेच दवाखान्यात ठेवलं, आणि मागून आलेल्या रिपोर्टनंही तोच धोका सांगितला.

दिवस भरण्याआधीच, पण सांभाळून, मुलगी झाली. मूठभर, काचेच्या पेटीत. रडण्यात मात्र माझ्यावर गेलेली.

हे नाथानं केलं की नळीनं, ते मी विचारत नाही. मला योग्य वेळी दाराबाहेर काढलं, एवढं मात्र कुणीतरी माझा स्वभाव ओळखून केलं. आता हात जोडतो तेव्हा मागणं फारसं नसतं. आभार मानतो, आणि मधे लुडबुड न करण्याची बुद्धी मागतो. ती अजून पुरती मिळालेली नाही.

मुलीला घरी नेताना पुडी खिशातच होती. तिच्या मनगटावर दवाखान्याची नावाची पट्टी तशीच होती. मी चिमूट उचलली, तशी ही म्हणाली, "आवं, कपाळाला! पट्टीला न्हाई!"