गरुडमक्याची राखण

नेटीने कोराआजीला पहिल्यांदा पाहिलं ते सरकारी शेतात, भर दुपारी, मक्याचे तुरे मोडताना. बोर्डिंग शाळा संपवून नेटी नुकतीच आपल्या पॉनी या आदिवासी जमातीच्या माणसांत परतली होती आणि शेतकी साहेबाकडे दुभाषी म्हणून लागली होती.

"विचार तिला, हे काय चाललंय," साहेब म्हणाला.

नेटीने विचारलं. आजीचे हात थांबले नाहीत.

"डोळे नाहीत का त्याला? सांग, तुरे मोडतेय."

"पण का, आजी?"

"हेही ठाऊक नाही? शाळेत शिकलीस काय मग, चमचे मांडायला?"

नेटीचे कान तापले. तेच तर शिकली होती ती.

कुंपणापलीकडे आजीचा गरुडमका होता. पांढरा दाणा, त्यावर पंख पसरलेल्या गरुडासारखा जांभळा डाग. सरकारने जमातीला नेब्रास्कातल्या मूळ मुलखातून हलवलं तेव्हा आजीच्या आईने ते बी पोटाशी बांधून इथवर चालत आणलं होतं. इथल्या मातीत ते रमलं नाही. आता एवढ्याशा तुकड्यापुरतंच उरलं होतं. निरनिराळे मके दूर दूर पेरायचे, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. साहेबाने मात्र आपला पिवळा मका थेट कुंपणाला लावला होता. त्याच्या तुऱ्यांची धूळ आजीच्या कणसांच्या केसांवर पडली, की ते बी बिघडलं.

"कोंडून ठेवीन म्हणावं!" साहेब ओरडला.

"कोंड म्हणावं. माझ्यासोबत वाऱ्यालाही बेड्या घाल."

नेटीने शब्दन्‌शब्द सांगितला. साहेब लालबुंद झाला. शिपाई आजीला घेऊन निघाला तेव्हा ती वळून म्हणाली, "पोरी, रोज सकाळी नवे तुरे फुटतात. ऊन चढायच्या आत मोडायचे."

"काय म्हणाली?" साहेबाने विचारलं.

"आज ऊन फार आहे म्हणाली."

दुसऱ्या दिवशी उजाडताच नेटी शाळेचे बूट घालून साहेबाच्या शेतात तुरे मोडायला उतरली. तिसऱ्या दिवशी तिची नोकरी गेली. चौथ्या दिवशी तिच्याबरोबर वस्तीतल्या सहा बायका होत्या. आजी आठवड्याने सुटली तोवर तिच्या कणसांचे केस वाळले होते; आता धूळ पडली तरी बी बिघडणार नव्हतं.

कापणीला आजीने एकेक कणीस सोलून पाहिलं. दाण्यादाण्यावर गरुड होता.

त्याच सुमारास साहेब हातात एक कणीस घेऊन तिच्या दारात आला. त्याच्या मक्याला स्वतःची धूळ मिळाली नव्हती, ती कुंपणापलीकडून मिळाली होती. पिवळ्या दाण्यांवर जांभळे शिंतोडे उमटले होते.

"हा कसला रोग?"

आजी बोळक्या तोंडाने खदखदून हसली. "नेटी, सांग त्याला, रोग नाही म्हणावं. त्याचा मका आमच्यात नांदायला आला."

हे नेटीने मोठ्या आवाजात सांगितलं.

आता आजी ऐंशीच्या पुढे आहे, दृष्टी अधू झाली आहे. पेरणी नेटी करते. आजी बांधावर बसून बोटांनी चाचपत बी निवडते.