वैद्याने धनुष्य का धरू नये?

जमुनाने पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "मॅडम, वैद्याने धनुष्य धरायचं नाही, असं कोणी ठरवलं?"

"मी," मी म्हणाले.

"का?"

मी फासे तिच्याकडे सरकवले. नियमावली दहा दिवसांनी प्रेसला जायची होती.

मी रोलप्लेइंग गेमचे नियम लिहिते. हा खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण गोष्ट पुढे नेतो आणि अवघड काम जमलं की फसलं ते फासे सांगतात. पात्र बनवताना आधी 'क्लास' निवडायचा: योद्धा, वैद्य, जादूगार किंवा वाटाड्या. त्या क्लासची कौशल्यं तेवढी तुमची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. कंपनी पुण्याची, मी शहाद्याची. नवीन खेळाची चाचणी दर रविवारी दुपारी माझ्याच घरी व्हायची.

गोष्ट मी पुढे न्यायचे, खेळायला तिघं असायची. जमुना धडगावकडची, सरकारी दवाखान्यात नर्स. रईसचाचा बसस्टँडजवळचे टेलर. आणि भिकाआप्पा, एसटीचे रिटायर्ड कंडक्टर.

"माझा आजा झाडपाल्याचं औषध द्यायचा," जमुना म्हणाली, "आणि तीरकामठाही चालवायचा. त्याला कोणी एकच निवड म्हटलं नाही."

"पण खेळात बॅलन्स लागतो," मी म्हणाले. म्हणजे एकाच पात्राला सगळं येऊ लागलं, तर बाकीच्यांनी काय करायचं?

तिने मुकाट्याने वैद्य घेतला. पुढे गोष्टीत बिबट्या आला. तीन फेऱ्या बाकीचे दोघे लढले. कोणी जखमीच झालं नाही, त्यामुळे जमुनाला काही काम नव्हतं. ती फाशांचा मनोरा रचत बसली. संध्याकाळी तिचा मेसेज आला: 'मॅडम, पुढच्या रविवारी माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या. रागावले नाही. कंटाळले.'

खेळ लिहिणाऱ्याला याहून वाईट शेरा नाही. रागावलेला खेळाडू परत येतो.

दुसऱ्या दिवशी मी चारही क्लास मोडले. सगळी कौशल्यं सुटी करून एक लांबलचक यादी केली. कोणतीही सहा घ्या, झालं पात्र. निखिल सरांना, म्हणजे कंपनीच्या संपादकांना, फाइल पाठवली. पाच मिनिटांत फोन.

"क्लास कुठे गेले?"

"काढले."

"खेळाच्या खोक्यावर मग चित्र कोणाचं छापू? यादीचं?"

"खेळून तर बघू, सर."

"बघ. पण रविवारनंतर मला एकच फाइल हवी. नाहीतर जुनीच प्रेसला जाईल."

मी जमुनाला फोन करून धनुष्याची लाच दिली. रविवारी ती आली. पाच मिनिटांत तिचं पात्र तयार: वैद्य, हातात धनुष्य. मी खूश. मग रईसचाचांकडे बघितलं. चष्मा कपाळावर, यादी हातात, कागद कोरा. चहा झाला, चहाचे कप धुऊन झाले, कागद कोराच.

"चाचा, काय अडलं?"

"ताई," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "गिऱ्हाईकना म्होरे पन्नास तागा उलगाडी टाका ना, ते काहीच न लेता निंघी जास."

"काही न घेताच जातं? मग तुम्ही काय करता?"

"चार सदरा शिवीसन टांगेल शेतस. कोणी म्हणस, हाऊच दे. तोच देस. कोणी म्हणस, कॉलर बदल. बदली देस. कोणी सोताना कपडा लई येस, त्यानं माप लेस. तिन्ही मन्हाच गिऱ्हाईक शेतस."

मी पेन उचललं आणि तिथेच चार पानं लिहिली. योद्धा, वैद्य, जादूगार, वाटाड्या परत आले, पण क्लास म्हणून नाही, साचे म्हणून. प्रत्येक साच्यात सहा कौशल्यं आधीच निवडलेली. आहे तसा घ्या, त्यातलं काही बदला, नाहीतर साचा बाजूला ठेवून सगळं स्वतः निवडा. चाचांनी दोन मिनिटांत जादूगार उचलला आणि एका अक्षराचाही बदल केला नाही.

भिकाआप्पांनी मात्र योद्ध्याची दोन कौशल्यं बदलून 'दुहेरी वार' आणि 'वाऱ्याची चाल' घेतली आणि पहिल्याच फेरीत गोष्टीतला राक्षस मारला. दोन तासांची गोष्ट चार मिनिटांत संपली.

"आप्पा, हे चालणार नाही!"

"नियममा कोठे लिखेल शे का नही म्हणून?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'दुहेरी वार' आणि 'वाऱ्याची चाल' एकत्र घेता येणार नाहीत, ही ओळ आप्पांमुळे आली. मग आम्ही तोच राक्षस पुन्हा जिवंत केला. या वेळी तो दीड तास टिकला, आणि शेवटचा बाण जमुनाच्या वैद्याचा होता. तिने टेबलावर अशी थाप मारली की फासे चाचांच्या मांडीत.

रात्री नवी फाइल पाठवली, तरी निखिल सरांना पटेना. "साचा हवा तर घ्या, हा काय नियम झाला?" मी म्हटलं, एकदा खेळा. सोमवारी ते व्हिडिओ कॉलवर आमच्याबरोबर बसले. मुद्दाम योद्धा घेतला, जसाच्या तसा. "बघ, मला काहीही बदलायची गरज नाही," म्हणाले. तिसऱ्या फेरीनंतर त्यांनी घसा खाकरला.

"ढालीच्या कौशल्याऐवजी बासरीचं घेता येईल का?"

जमुना पदर तोंडावर धरून हसली. आप्पा उघडच हसले. सर स्क्रीनवर लाल झाले, पण त्यांनी बासरी घेतली. तिच्या सुरांवर पहारेकऱ्यांना झोपवलं आणि मग अर्धा तास तेवढंच सांगत राहिले.

पुस्तक वेळेवर छापलं. खोक्यावर योद्धा, वैद्य, जादूगार आणि वाटाड्या अशा चौघांचं चित्र आहे. आत साच्यांच्या पानावर मोठ्या अक्षरांत 'हवे तर वापरा' लिहिलंय.

आता खेळाडूंचे मेसेज येतात. त्यावरून दिसतं, की बहुतेक जण साचा आहे तसाच घेतात, काहीही बदलत नाहीत. निखिल सर मला हे अधूनमधून ऐकवतात. त्यांचं खरं आहे. निवडीची मुभा फार थोडे वापरतात. ती काढून घेतली, की मात्र सगळ्यांना कळतं.